टाळ नसलेली फाईल

३ फेब्रुवारी, सोमवार

मधूनं मला न विचारता शब्द देऊन टाकला. त्याच्या साताऱ्यातल्या एका वाचनालयात गाणी ऐकायची खोली तयार होतेय, ती गुढीपाडव्याला उघडणार आणि तिथं आमचा सगळा संग्रह जाणार. आमचा म्हणजे माझा आणि मधू शेडगेचा. तो एसटीत सांगलीला बुकिंगवर होता तेव्हापासून, म्हणजे चाळीसेक वर्षं, आम्ही गाणी गोळा करतोय. कॅसेटी त्यानं भरायच्या, सांभाळायच्या मी आणि भांडायचं दोघांनी.

वाचनालयवाल्यांची अट रास्त आहे. एक गाणं एकदाच हवं आणि फाईल धड हवी. आमच्या डिस्कवर मात्र नुसता कालवा. एकच अभंग चार नावांनी चार ठिकाणी पडलाय. काही फायली मधेच तुटतात, काहींतून खरखरीशिवाय काही येत नाही. निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण डिस्क माझ्याकडं आणि मधूच्या मते रिकामा वेळही माझ्याकडंच. हे दुसरं खरं आहे. जन्मभर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत केली, आता दुकान जिनेंद्र बघतो. मी जाऊन बसलो की "आप्पा, तुमी कशाला आलासा उन्हाचं" म्हणतो. मुलगा चांगला आहे, पण बापाला घरी धाडायची त्याला घाई असते.

गाणी मी हळदीसारखीच निवडणार आहे. पोत्यात हात घालून हळकुंड काढायचं, कानाशी धरायचं आणि मोडायचं. वाळलेलं असलं तर टणकन वाजतं, ओल असली तर मऊ तुटतं. यार्डात माझ्या कानाला मान होता. तशीच प्रत्येक फाईल तीन ठिकाणी ऐकायची, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. पोत्यातही मी तीनदाच हात घालायचो.

विजयमाला म्हणाली, "आवं, त्याला सॉफ्टवेअर असतंय की." हिनं दुकानाचं टॅली सांभाळलं, त्यामुळं यंत्रांचा हिला भारी पुळका.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सॉफ्टवेअर घेतलं. हिनंच बसवून दिलं. जुळ्या फायली शोधण्यात ते हुशार आहे, हे मान्य करतो. एक नाट्यगीत सात ठिकाणी सापडलं आणि सातही वेळा मीच उतरवून घेतलेलं. माणसाला एखादी गोष्ट फार आवडली की ती आपल्याकडं आहे हेच तो विसरतो. सहा काढली, एक ठेवलं. डिस्क चांगलीच हलकी झाली. फार समाधान वाटलं. मधूला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, "आरं, अजून किती ऱ्हायलंय?" मी म्हटलं, पी हळद नि हो गोरी असं होत नसतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

खराबीचा एक नवाच प्रकार सापडलाय. फाईल तुटत नाही, अडकत नाही, पण बारीक आवाज गळून गेलेत. बासरी दमलेली. घुंगरू नाहीतच. गाणाऱ्यांच्या तोंडातले स आणि श पुसलेले. तबल्यातला डग्गा तेवढा शाबूत. सॉफ्टवेअर म्हणतं फाईल उत्तम आहे. सॉफ्टवेअरला कान कुठं असतात? अशा फायलींचं वेगळं फोल्डर केलं आणि आज ते पुसून टाकलं.

विजयमाला उलथनं हातात घेऊन दारात थांबली होती. म्हणाली, "मला तर समदं ऐकू येतंय." तिला गाण्याची आवड आहे, पण माल पारखायचा अनुभव नाही.

तीही हल्ली फार हळू बोलते. वयाबरोबर आवाज बसतोच. मी तिला गरम पाण्यात हळद-मीठ घालून गुळण्या करायला सांगितल्या. ती माझ्याकडं बघत बघत आत गेली.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेलो. घंटा बदललेली दिसते. उपाध्यांना विचारलं, तर म्हणाले जुनीच आहे. मग बोथट झाली असेल. घासून झिजतं, तसं वाजवूनही झिजत असेल.

घरी येऊन डिस्क लावली आणि घाबरलोच. मंगळवारी पुसलेल्या फायली परत आल्या आहेत! जशाच्या तशा. सॉफ्टवेअर म्हणतं, जुळ्या नाहीत, एकेकच आहेत. म्हणजे पुसलेल्या फायली आपल्या पायांनी परत येतात. हा व्हायरसच. जिनेंद्रला बोलावून दाखवलं. त्यानं आधी डिस्ककडं बघितलं, मग आईकडं बघितलं आणि म्हणाला, "असलं कायतरी हाय खरं, आप्पा." बाकी काही केलं नाही. आजकालच्या पोरांना फोन वापरता येतो, आतलं काही कळत नाही.

पुन्हा सगळ्या पुसल्या.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज वाईट झालं.

मधूची फलटणची भजनाची फाईल ऐकायला घेतली. बाबूराव बुवांचं रात्रभराचं भजन, आम्ही दोघं तिशीत होतो तेव्हाचं. त्या दिवशी बुवांचा टाळकरी आलाच नाही, म्हणून मधूच्या हातात टाळ दिले. जन्मात मधू एकदाच कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये वाजला, तो यात. त्याची मूळ कॅसेट मी फाईल करायला आणून ठेवली होती. फाईल झाली आणि मग एकोणीस सालच्या पुरात खालच्या कपाटासकट कॅसेटी गेल्या. मधू तेव्हा एका शब्दानं बोलला नाही. उलट साताऱ्याहून सतरंज्या आणि डाळ-तांदूळ घेऊन आला होता. आता जे काही आहे ते या फाईलीत. पाडव्याला खोली उघडली की पहिली हीच लावायची, असं त्यानं वाचनालयात सांगून ठेवलंय.

मी तीनही ठिकाणी ऐकली. मग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. बुवांचा आवाज आहे, पखवाज आहे, लोकांचा खोकला आहे. टाळ नाही. एकदाही नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मधूला सांगावं लागलंच. म्हटलं, फाईल खराब झालीय, तुझे टाळ गेले. आधी हसला. मग म्हणाला, "माझ्याकडं फोनवर हाय तीच फाईल. त्यात टाळ खणखणीत हायत. रोज ऐकतोय मी."

मी म्हटलं, तुला आठवतंय म्हणून तुला ऐकू येतंय, माझा कान पारखी आहे.

"व्हय रं व्हय, पारखी. माझ्या कॅसेटी बुडवल्यास, आता फाईल पण बुडव." आणि फोन ठेवला.

पुराचं त्यानं पहिल्यांदा काढलं. मला फार लागलं. रागाच्या भरात फाईल पुसली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

फाईल परत आली आहे. व्हायरसचं भलं होवो. या वेळी पुसली नाही.

५ मार्च, बुधवार

मधूचा फोन नाही. मीही केला नाही. आमचं भांडण आठवड्याच्या पलीकडं कधी गेलं नव्हतं. गाणी निवडायला बसतो, पण कशासाठी निवडतोय ते कळत नाही. एखादी जागा चांगली आली की सवयीनं फोनकडं हात जातो.

जेवताना विजयमालानं काहीतरी विचारलं. मी नुसतं हूं म्हटलं. तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा हूं म्हटलं. तिनं ताटात दुधी वाढला. मला दुधी आवडत नाही.

१२ मार्च, बुधवार

मन रमेना म्हणून यार्डात गेलो. हंगाम जोरात आहे, वाटेवर सगळीकडं हळदीचा धुरळा. इस्लामपूरकडच्या हंबीररावांचा माल सौद्याला मांडला होता. ते कित्येक वर्षं आमच्याकडंच माल घालतात. मी एक हळकुंड उचललं, कानाशी धरून मोडलं. मऊ. दुसरं मोडलं, तेही मऊ.

"हंबीरराव, ओली आणलासा की ओ."

ते चमकले. "मालक, पंधरा दिस उन्हात हाय. असं कसं म्हणतासा?"

जिनेंद्रनं ओल मोजायचं यंत्र लावलं. यंत्र म्हणालं, हळद कडक वाळलीय. मी म्हटलं, हे यंत्र काल आलं, कानामागून आलं नि तिखट झालं. या ढिगाची बोली मी लावू देणार नाही. खरेदीदार गोळा झाले. हंबीररावांचा चेहरा उतरला. चार लोकांत माल ओला म्हटलं की तो डाग दिवसभर निघत नाही, हे मला माहीत आहे आणि तरी मी बोललो.

जिनेंद्र वाद घालत बसला नाही. त्यानं मूठभर हळकुंडं घेतली आणि माझ्यासमोर एकेक करून मोडली. प्रत्येक वेळी आजूबाजूच्या माणसांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "घंटीसारखी वाजतीया." मला फक्त तुकडे होताना दिसले.

मी हंबीररावांना हात जोडले. ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मालक, हुतंय." मी घरी आलो.

१४ मार्च, शुक्रवार

काल होळी. पुरणपोळी गोड लागली नाही. आज धुळवड, यार्ड बंद.

दुपारी विजयमाला जवळ येऊन बसली, अगदी समोर. म्हणाली, "आवं, हळद वाळलीलीच हाय. घंटा पण जुनीच हाय. फायली चांगल्या हायत. आणि मी हळू बोलत न्हाई."

मी विचारलं, "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"दिवाळीपास्नं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलली की! किती येळा बोलली. तुमाला ऐकू कुठं आलं?"

आणि हसायला लागली. मला आधी राग आला. मग तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं, ते हसण्याचं नव्हतं. मी तिचा हात धरून बसलो. या वयात दिवसाउजेडी हात धरून बसलो, असं कधी झालं नव्हतं. बरं वाटलं.

भीतीही वाटतेय. ती इथं लिहितो, कारण बोलून दाखवणार नाही. गाणं गेलं तर मी दिवसभर करायचं काय?

१९ मार्च, बुधवार

मिरजेला जाऊन आलो. तपासणारी स्वानंदी नावाची मुलगी, नातीच्या वयाची. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन दिले. म्हणाली, आवाज आला की बटण दाबा. सुरुवातीला दोन-चार जाड आवाज आले. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. शेवटी मी दार उघडून विचारलं, "चालू कवा करणार?"

ती म्हणाली, "काका, संपत आलंय."

जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत. दोन्ही कानांतून सारखेच. वयानं होतं म्हणाली, आणि वर्षानुवर्षं हळू हळू होतं म्हणून कळत नाही. म्हणजे बासरी, घुंगरू, स आणि श, सगळं डिस्कवर होतं आणि माझ्याकडून गळत होतं. मी धडधाकट गाणी वेचून वेचून पुसत होतो.

दोन्ही कानांना ऐकायची मशिनं लावून दिली. मशिन लावल्या लावल्या पहिला आवाज आला तो विजयमालाच्या बांगड्यांचा. कितीतरी दिवसांत आला नव्हता.

२० मार्च, गुरुवार

जग फार किरकिर करतं. वर्तमानपत्र केवढ्यानं चुरचुरतं! स्वतःचं चावणं ऐकू येतं. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. बस्तीतली घंटा मात्र ऐकली आणि तिथंच थांबलो. उपाध्यांनी विचारलं, बरं वाटत नाही काय. म्हटलं, फार बरं वाटतंय.

डिस्क उघडली. भीत भीत एकेक बघितली. व्हायरसनं एकही फाईल हरवलेली नाही. जे जे मी पुसलं ते ते सगळं परत आणून जागच्या जागी लावलंय, अगदी नावाच्या क्रमानं. विजयमालाला बोलावून दाखवलं, म्हटलं, "बघ, किती शिस्तीचा व्हायरस हाय."

"व्हय की," ती म्हणाली. "आता गेला काय त्यो?"

"आठवडा झाला, काय न्हाई केलं त्यानं."

"त्याचं काम झालं असंल," म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. लाटणं पोळपाटावर वाजतं, तेही आज कळलं. व्हायरसला काय काम असतं कोण जाणे.

मग फलटणची फाईल लावली. टाळ आहेत! पहिल्यापासून शेवटपर्यंत आहेत. मला रडू फुटलं.

दुसऱ्यांदा ऐकली, तेव्हा रडू थांबलं. टाळ आहेत, पण बेताल आहेत. मधू बुवांच्या सतत पुढं पळतोय. दोन ठिकाणी तर बुवा गाता गाता थांबून खाकरलेत, ते घशासाठी नसावं. आणि हीच फाईल पाडव्याला सगळ्या साताऱ्यासमोर पहिली लागणार आहे.

आधी टाळ नाहीत म्हणून मित्र गेला. आता आहेत म्हणून सांगू, तर पुढचंही सांगावं लागेल. न सांगावं तर पाडव्याला लोक हसतील आणि मधूला ते कुणाकडूनतरी कळेल. फोन केला. उचलला नाही.

२७ मार्च, गुरुवार. सातारा, मधूचं घर

डिस्क आणि लॅपटॉप घेऊन सकाळच्या एसटीनं आलो. मधूनं दार उघडलं, "ये" म्हणाला आणि टीव्हीसमोर जाऊन बसला. टीव्ही एवढा मोठ्यानं लावलेला की मला मशिनचा आवाज कमी करावा लागला. मी माफी मागितली. कान दाखवले, मिरजेचं सगळं सांगितलं, पुसलेल्या फाईलीचंही सांगितलं. तो टीव्हीकडंच बघत होता. म्हणाला, "म्हंजे फाईल चांगली होती." म्हटलं, होती. "मी सांगतच हुतो," म्हणाला आणि टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

बोलला नाही, पण दिवस मावळायच्या आत माझं ताट आलं. त्याची सून मयूरी वाढत होती. भाजीत कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. ती म्हणाली, "बाबांनी सकाळीच सांगितलं होतं." म्हणजे मी निघालोय हे विजयमालानं कळवलं होतं, आणि हा रुसून बसलेला माणूस माझ्या जेवणाची वेळ सांभाळत होता.

जेवणं झाल्यावर मी फाईल लावली. मधू मांडी घालून बसला, डोळे मिटले, मांडीवर हातानं टाळ धरू लागला. "आहाहा, कसं खणखणीत ऐकू येतंय बघ!"

मी बघत होतो. बुवांनी आलाप घेतला आणि रेकॉर्डिंगमधले टाळ पूर्ण थांबले. मधूचा हात थांबला नाही. "ऐक, ऐक," म्हणाला, "हितं लई सफाईदार वाजवलंय मी." तिथं काहीच वाजत नव्हतं. पुढं टाळ पुन्हा सुरू झाले, बुवांच्या पुढं धावू लागले, आणि मधूचा हात मात्र मांडीवर संथ, तालात, सुरेख पडत होता. मला त्या टीव्हीचा आवाज आठवला.

विजयमाला दिवाळीपासून हेच बघत बसली असेल. तिला किती धीर असेल, ते आज कळलं.

मी डाव्या कानातलं मशिन काढलं, धोतराच्या सोग्याला पुसलं आणि मधूच्या कानात बसवलं. तो दचकला. "आरं, काय करतोस गड्या?" मशिननं शिट्टी मारली, मग गप्प झालं. मी फाईल पहिल्यापासून लावली. एक कान माझा, एक कान त्याचा, असे आम्ही लॅपटॉपला टेकून बसलो.

थोडा वेळ तो ऐकत राहिला. मग कपाळाला आठी पडली. हात मांडीवरून उचलला.

"जयपाल, ह्यो कोण रं मधीच बडवतोय?"

मी लॅपटॉपचा आवाज वाढवला.

"बुवाच्या फुडं पळतंय बघ येडं. कुणी बसवलं हुतं ह्याला?"

"मधू," मी म्हटलं, "त्यो तू हायस."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग लॅपटॉपकडं. बुवा खाकरले. मधूनं तेही ऐकलं. कान लालेलाल झाले त्याचे. मला वाटलं, आता उठून जाईल आणि पुन्हा कधी बोलणार नाही. उलट आधी त्याचं पोट हलायला लागलं, मग खांदे, आणि मग तो एवढ्यानं हसला की मयूरी आतून धावत आली.

"चाळीस वर्सं," तो डोळे पुसत म्हणाला, "चाळीस वर्सं मी लोकांला सांगतोय रं!"

पुष्कळ हसून झाल्यावर म्हणाला, "पुसून टाक ती."

"न्हाई पुसत."

"आरं, खराब हाय ती फाईल! तूच म्हणत हुतास."

"फाईल चांगली हाय. पाडव्याला हीच पैली लावायची. तू शब्द दिलायस."

त्यानं पुन्हा एकदा ऐकली, शेवटपर्यंत, माझं मशिन कानातून न काढता. मग म्हणाला, "बरं. पण टाळकरी म्हणून नाव तुझं सांगायचं."

मी हो म्हटलं.